दिवा रात्रभर चालू होता

कॉफीचं भांडं पोचवायचं होतं, एवढंच काम होतं. ते मोठं भांडं, खाली तोटी असलेलं, बुडाला चिकटपट्टीवर 'अ. हॉगलंड' लिहिलेलं. एल्क प्रेअरीच्या नाचघरात दर बावीस जानेवारीला त्या तीन गाणाऱ्यांच्या आठवणीत नाच होतो, आणि नाचाची कॉफी दरवर्षी अर्डिस हॉगलंडच्या भांड्यातून जायची. ती स्वतः मात्र या आठवणीच्या नाचाला कधी गेली नाही. भांडं मी नेऊन द्यायची. एका वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तिच्याकडे राहणारी केल्सी निघाली.

टॅनर, गाडीची किल्ली शोधू नकोस. ती माझ्या खिशात आहे आणि तिथेच राहणार आहे.

"आजी, अगं दोन मैलांवर तर आहे! स्मारकापाशी उभं राहायचं, एक फोटो काढायचा, परत यायचं."

केल्सीलाही दोनच मैल होते. बस खाली. आणि तू गं, डोळ्यांभोवती काजळ फासलेली, काय नाव म्हणालीस? मॅडी. तू शेगडीजवळ बस, तुझे ओठ निळे पडलेत. ताटात केक आहे, घ्या. घेणार नसाल तर निदान नुसते बघत बसू नका. वारा ऐकताय ना? वरून काही पडत नाहीये. जमिनीवरचाच बर्फ उचलून नेतोय तो. असल्या वाऱ्यात आपल्या बुटांची टोकं दिसत नाहीत, आणि तुम्हाला फोटो हवेत.

भुताची गोष्ट सांगते असं मी म्हणणार नाही. अर्डिसला मी शाळेपासून ओळखत होते. तिने मला दिवसाउजेडी, याच टेबलाशी बसून, जे सांगितलं ते सांगते. तुम्ही काय मानायचं ते माना.

आधी दिव्याचं ऐका. हल्ली अंधार पडला की अंगणातल्या खांबावरचे दिवे आपले आपण लागतात, त्यामुळे तुमच्या पिढीला आमची रीत ठाऊक नसायची. पूर्वी खांबाला खटका असायचा. घरातलं एक जरी माणूस बाहेर असेल, तर दिवा जळत ठेवायचा. जो शेवटी आत येईल त्याने विझवायचा. रात्री रस्त्याने जाताना आम्ही दिवे वाचत जायचो. ब्रेक्कांचा जळतोय, म्हणजे पोरगा अजून धान्याच्या कोठारावर आहे. लुंडांचा विझला, म्हणजे म्हातारा एकदाचा गुत्त्यातून घरी पोचला. दिवा बंद, याचा अर्थ आमची माणसं सगळी आत आहेत, आम्ही आता कुणाची वाट पाहत नाही.

वेंडेल ब्रेक्का माझा आत्तेभाऊ. हो, तोच. तुमच्या त्या स्मारकावर ज्याचं नाव नाही, तो. उन्हाळ्यात मक्यावर औषध फवारायचा, हिवाळ्यात जो म्हणेल त्याला विमानात घालून म्हणेल तिथे पोचवायचा. त्याची धावपट्टी हॉगलंडांच्या शेतामागे, नुसती गवताची. रात्री उडाला की हॉगलंडांचा दिवा डाव्या पंखाखाली धरायचा, त्याच्याभोवती वळायचा आणि पश्चिमेला लागायचा. मला म्हणायचा, "लव्हॉन, बर्फात वर काय आणि खाली काय, सगळं पांढरं. थोरवाल्डचा दिवा आहे म्हणून आपले पाय कुठल्या बाजूला आहेत ते तरी कळतं." असं म्हणून माझ्याच ताटातला बटाटा उचलायचा. असा होता तो.

एकोणीसशे साठ साल, बावीस जानेवारी, शुक्रवार. रॉक अँड रोल तेव्हा आमच्याकडे नवीन होतं. रेक्स टॉलिव्हर गायला आला होता, त्याच्याबरोबर गिटारवाला लॉनी बाका, जेमतेम एकोणीस वर्षांचं पोर, आणि ड्रमवाला स्कीट्स मोरान. मी होते तिथे. नाचून नाचून माझ्या बुटाची टाच तुटली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा कार्यक्रम डकोटात, म्हणून नाच संपल्यावर वेंडेलने तिघांना विमानात बसवलं. विमान उडालं, हॉगलंडांच्या शेतावर वळलं आणि त्याच शेतात नाक खाली करून शिरलं. चौघांतला एकही उरला नाही.

शहरातून चौकशीला माणसं आली. थोरवाल्ड हॉगलंड, म्हणजे अर्डिसचा बाप, चर्चमधल्या पहिल्या बाकावरचा माणूस. त्याने बायबलवर हात ठेवला आणि म्हणाला, "दिवा रात्रभर चालू होता."

संपलं. समोर दिवा जळत असताना ज्याला खाली-वर कळत नाही, तो कसला वैमानिक? चूक वेंडेलची. कागदावर तसं लिहिलं गेलं आणि लोकांच्या मनातही. देशभरातल्या पोरींनी माझ्या आत्याला पत्रं लिहिली. तुझ्या मुलाने आमचा रेक्स मारला. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. ती अंडी विकायची, अंडी कुणी घेईना. वर्षाच्या आत घर सोडून गेली बिचारी. पुढे स्मारकाचा दगड उभा राहिला, त्यावर तीन नावं. चौथ्याचं काय, म्हणून मी समितीला विचारायला गेले. हसून सांगितलं मला, केकचं ताट पुढे करत, की मारणाऱ्याचं नाव मेलेल्यांच्या शेजारी बरं दिसत नाही, लव्हॉन. आमच्या गावात कुणी शिव्या देत नाही. केक देतात.

आणि अर्डिस? तिने लग्न केलं नाही, त्याच घरात राहिली. जानेवारीत स्मारक बघायला लोक यायचे, दार वाजवायचे, विचारायचे, त्या रात्री दिवा चालू होता का हो? ती म्हणायची, "हो. रात्रभर." जन्मभर तेच उत्तर.

चौऱ्याहत्तर साली, याच तारखेला, थोरवाल्ड गोठून मेला. आपल्याच शेतात. गुरांना बघून परत येत होता. बर्फावर पावलं उमटली होती, ती मी पाहिलीत. गोठ्यापासून निघाला तो घराकडे पाठ करून सरळ चालत गेला होता, घाई असल्यासारखा, विमान पडलं त्या जागेपर्यंत. लोक म्हणाले, म्हातारपण. पुढे एक्क्याण्णव साली अर्डिसचा भाऊ मायलो, तीच तारीख. गाडीसकट शेतापलीकडच्या खडीच्या खाणीत. लोक म्हणाले, दारू. मायलो दारूला शिवत नव्हता.

त्यानंतर अर्डिसने ठरवून टाकलं. बावीस जानेवारीला हॉगलंडांचं कुणी दिवेलागणीनंतर घराबाहेर पडायचं नाही.

"मग केल्सी का गेली?" मॅडीने विचारलं.

तुझ्यासारखीच होती म्हणून. केल्सी म्हणजे मायलोची नात. दवाखान्यात नर्स होती आणि हिवाळाभर अर्डिसकडे राहायची. दोन हजार बावीस सालचा तो शनिवार. दुपारी भांडं न्यायला कुणी येणार होतं, त्याची गाडी सुरू होईना. केल्सी म्हणाली, "आण इकडे, मी टाकून येते. अर्ध्या तासात परत."

"नको," अर्डिस म्हणाली. "पिऊ देत पाणी."

"आजी, माणसं नाचून नाचून दमतात, त्यांना पाणी देऊ? आणि तुझं सोडून त्यांच्याकडे दुसरं भांडं नाही. मला माहितीये, तू आजोबांमुळे घाबरतेस. मी बर्फातच वाढलेय गं."

गेली. अर्डिसने अंगणात जाऊन खटका ओढला, दिवा लागला, आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसली. अर्ध्या तासाची केल्सी तिथेच रमली. तरुण पोर, गाणं चालू, कुणीतरी हात धरून नाचायला ओढलं असेल. मग वारा सुटला. हाच, आत्ता बाहेर आहे तसा.

अकराच्या पुढे फोन आला.

"आजी, निघाले गं. कॉफी सगळी संपली. तुझ्या भांड्याची तोटी गळते, त्या मिसेस लुंडने तीनदा ऐकवलं मला."

"भांडं राहू दे तिथे. तूही तिथेच राहा. झोप नाचघरात."

"बाकावर? त्या ढेरपोट्या म्हाताऱ्यांच्या शेजारी? आले मी, झोपू नकोस."

अर्डिस झोपणार कुठली. खिडकीतून खांब दिसत होता, दिव्याखालून बर्फ धावत होता. दिवा जळत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. पापणी लववली नाही म्हणाली, आपण नजर काढली तर तो जाईल असं वाटत होतं तिला.

तो तिच्या डोळ्यांदेखत गेला.

बल्ब उडतो तसा नाही. आधी खटक्याचा आवाज आला. बंद खिडकीतून, एवढ्या वाऱ्यातून... कट्. जुना लोखंडी खटका कुणीतरी खाली ओढावा तसा. मग अंधार.

घरातली वीज होती. फ्रिज घरघरत होता. अंगणात माणूस नव्हतं.

आणि मग तिला दुसरा दिवा दिसला.

लांब. शेतात. जिथे खांब नाही, तार नाही, काहीच नाही, तिथे. तेवढ्याच उंचीवर. तसाच पिवळा. त्याच्याखालून तसाच बर्फ धावत होता. जणू तिचंच अंगण कुणी उचलून तिकडे नेऊन ठेवलं होतं.

बापाची पावलं कुठे चालली होती, ते तिला तेव्हा कळलं. मायलो खाणीकडे का वळला, तेही. दिवा रात्रभर चालू होता म्हणालात ना? हा घ्या. रात्रभर चालू.

तिने फोन लावला.

"केल्सी, कुठे आहेस?"

"वळणावर. रस्ता अजिबात दिसत नाहीये गं. पण दिवा दिसला, आता काळजी नाही."

"कुठला दिवा?"

"कुठला म्हणजे? आपला! अंगणातला."

"केल्सी... आपला दिवा बंद आहे."

केल्सी हसली. "चष्मा लाव आजी. समोर लख्ख दिसतोय."

खिडकीतून गाडीचे दोन उजेड दिसत होते. ते रस्ता सोडून वळले. शेतात ट्रॅक्टर उतरवायची वाट आहे, तिथून खाली. त्या दिव्याकडे. दिव्यामागे खाण.

"थांब! गाडी थांबव! ते आपलं अंगण नाही!"

"आता थांबले तर रुतेन गं. अगं आपलाच आहे! तूच सांगतेस ना सगळ्या जगाला, हॉगलंडांचा दिवा विझत नाही. त्या रात्रीसुद्धा..."

"खोटं आहे ते."

"काय?"

"खोटं आहे!" अर्डिस ओरडली. "त्या रात्री दिवा बंद होता! माझ्या बापाने बंद केला! मी खिडकीतून उडी मारून नाचायला गेले होते. मी परत येत होते, कुंपणापाशी होते. तो आतल्या लोकरीच्या कपड्यांवर बाहेर आला. मला पाहिलं त्याने. पाहिलं, आणि म्हणाला, 'या घरातलं कुणीही बाहेर नाही.' आणि खटका ओढला. विमान डोक्यावर होतं, केल्सी. वळत होतं. दिव्याभोवती वळत होतं... वेंडेलची चूक नव्हती. ऐकलंस? वेंडेलची चूक नव्हती!"

शेतातला दिवा गेला.

फोनवर ब्रेक किंचाळले. मग काही नाही. नुसता वारा.

"केल्सी?"

...

"केल्सी!"

"आजी..." अगदी बारीक आवाज. "समोर जमीन नाहीये."

पुढचं एक चाक खाणीवर अधांतरी होतं. दुसऱ्या दिवशी काठी टेकत जाऊन मी स्वतः पाहिलं.

"उतर. मागच्या दाराने उतर. हळू." अर्डिस म्हणाली. "आणि तिथेच थांब. हलू नकोस. मी दिवा लावते..."

तिला उठावं लागलं नाही.

कट्.

अंगणात दिवा लागला. खऱ्या खांबावर, खऱ्या जागी. आणि त्याच्या उजेडात एक माणूस उभा होता. घराकडे पाठ. लोकरीचे आतले कपडे. अनवाणी.

तो वळला.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी पुरलेला बाप ओळखायला वेळ लागत नाही, म्हणाली.

तो चालत आला. पायऱ्या चढला. दाराची मूठ धरून हलवली.

"अर्डिस. दार उघड."

ती हलली नाही.

"थंडी आहे गं..."

दाराला कडी नव्हती लावलेली. ती कधीच लावत नसे, आमच्याकडे कोण लावतं? पण मूठ फिरत होती आणि दार उघडत नव्हतं. मग तिने पाहिलं. कडी सरकत होती. आतून. हळू, सावकाश, घरच्या माणसाने लावावी तशी. कडी पूर्ण सरकून खाचेत बसली. आणि स्वयंपाकघरात वास आला. पेट्रोलचा. आणि गार हवेचा... विमान उडतं त्या वरच्या हवेचा.

"अर्डिस... मी बाहेर आहे."

तिच्या खांद्यामागून आवाज आला. तरुण. शांत. आमची माणसं अनोळखी दारात बोलतात ना, तसा अगदी सभ्य.

"या घरातलं कुणीही बाहेर नाही."

दारावर मूठ आपटली. पुन्हा. पुन्हा. मग नखं.

मग तेही थांबलं.

किती वेळ गेला तिला ठाऊक नाही. ती मागे वळून पाहायला धजली नाही. कडी पुन्हा सरकली, या वेळी उघडायला, आणि केल्सी आत आली. केसांत बर्फ, डोळे लाल. अंगणातला दिवा पाहत पाहत चालत आली होती, शेत तुडवून. म्हणाली, "आजी, ठोठावल्याशिवाय दार कसं उघडलंस?"

अर्डिस खिडकीशी बसली होती. दारापासून लांब.

तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि हे सगळं सांगितलं. मॅडी, तू बसलीयेस त्याच खुर्चीत. मी ऐकून घेतलं. थोबाडीत मारली नाही, कारण ती ऐंशीची होती. एवढंच म्हटलं, "माझी आत्या अंड्यांची टोपली घेऊन दारोदार फिरत होती, तेव्हा तुझं तोंड कुठे होतं?" ती रडली. रडू दिलं. कॉफी पुन्हा भरली नाही तिची. आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही.

मग मी कोट घातला, तिला गाडीत बसवलं आणि समितीपुढे नेलं. तिने उभं राहून सगळं सांगितलं, खोटं आणि खटका, सगळं. त्यांनी ऐकलं. "बरं झालं बोललीस, अर्डिस, मन मोकळं झालं," म्हणाले. केक दिला. दगडावर आजही तीनच नावं आहेत.

अर्डिस वसंतात गेली. झोपेतच. केल्सी शहरात निघून गेली, घराकडे परत फिरकली नाही. वीजवाल्यांनी तार कापून नेली. लुंडांच्या पोराने शिडी लावून खांबावरचा बल्बही काढला, त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यात लावलाय. जाऊन बघ, विश्वास नसेल तर.

आता उठा दोघं. पडदा बाजूला करा. नाही, तिकडे नाही, स्मारकाकडे नाही. डावीकडे, झाडांच्या रांगेच्या मागे.

"आजी..." टॅनर म्हणाला. "तिथे तर कुणीच राहत नाही ना?"

नाही.

"मग दिवा..."

घरातलं कुणीतरी अजून बाहेर आहे, एवढाच त्याचा अर्थ. रीत सांगितली ना तुला? कोण बाहेर आहे, ते मला ठाऊक आहे. आत कोण आहे आणि त्याने कडी का लावून घेतलीये, तेही. मला वाईट वाटत नाही. मुळीच नाही.

दरवर्षी या रात्री मी इथे बसते आणि उजाडेपर्यंत बघते. विझलेला कधी पाहिला नाही. तुम्हीही बसा. सकाळी कुणी विचारलं, तर हवं त्या पुस्तकावर हात ठेवून सांगा, या वेळी ते खरं असेल.

दिवा रात्रभर चालू होता.